रिसायकल बिन मी बंद केलं होतं

मृदुला,

कॉम्प्युटर लावू नकोस, ओवीलाही लावू देऊ नकोस. नवीन काही सेव्ह झालं तर अण्णांनी तिला सांगितलेल्या गोष्टी कायमच्या जातील. त्यांचा आवाज तेवढाच उरलाय. संध्याकाळी माउंट रॉस्किलच्या रिपेअरवाल्याकडे नेतो.

काल त्या गोष्टींच्या रेकॉर्डिंगचा फोल्डर चुकून डिलीट झाला म्हणून तू स्वतःला वेंधळी म्हणत रडलीस आणि मी शेजारी गप्प बसलो. डिलीट केलेलं बिनमध्ये न जाता थेट पुसलं जावं, हे सेटिंग माझं. तुला बिन चाळायची सवय, आणि सिडनीच्या नोकरीचे अर्ज तुला दिसायला नको होते.

सिडनीहून होकार आलाय. ऑफिसात प्रिंट काढून या चिठ्ठीखाली ठेवलाय. फाडायचा तर फाड, मी दुसरा काढणार नाही.

यशोधन