पाना चोरतोय

तीर्थस्वरूप मामा, मुक्काम खोडाळे, यांस जव्हारच्या मोटारखान्यातून जावई वाळू मिस्त्रीचा दंडवत. (कागदावरचे काळे डाग ही हात जोडल्याची खूण समजावी.) इकडे गंगी मजेत आहे, मीही तसा धड आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? नागली यंदा दाण्यावर आली असेल. मामींनाही नमस्कार. आमची काळजी करू नका, म्हणजे पत्र पुरतं वाचेपर्यंत तरी करू नका.

मागे मी तुम्हाला काट्याच्या पान्याबद्दल सांगितलं होतं. (तुम्ही तेव्हा घोरत होता, म्हणून पुन्हा सांगतो.) हा पाना मुंबईहून आला. नट आवळायला लागलं की किती जोर पडला ते त्याच्या काट्यावर दिसतं. कमी आवळला तर नट सुटतो, जास्त आवळला तर बोल्ट तुटतो. परवा संस्थानच्या मोटारीच्या इंजिनाचा बोल्ट माझ्या हातात भेंडीसारखा मोडला, काटा मात्र साळसूदपणे चाळिसावर. मला संशय आला. पान्याचं तोंड बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं, मुठीला हिशेबानं वजन टांगलं. काटा पन्नासावर यायचा, तो चाळिसावर येऊन बसला. नीट पाहिलं तर वजन काढल्यावरही स्वारी शून्याच्या दहा घरं मागे. म्हणजे काटा वाकलेला. चिमट्यानं सरळ करायचं काम, पण विलायती जिनसाला हुकुमाशिवाय हात लावायचा नाही, असा आमच्याकडे कायदा. म्हणून मी कोठीच्या कारभाऱ्यांकडे गेलो आणि तिथंच माझे ग्रह फिरले.

कारभारी तात्यासाहेब मोठे दयाळू, पण डाव्या कानानं बहिरे, आणि उजव्या कानाशी नेहमी कोणीतरी चुगली सांगत उभा असतो. त्यांच्याकडे मोटारखाना आणि सरकारी गोठा दोन्ही. मी अदबीनं सांगितलं, साहेब, पाना चोरतोय. त्यांनी ऐकलं पान्हा. (मामा, चूक त्यांची एकट्याची नाही. गोठ्याच्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार?) कळवळून म्हणाले, कधीपासून? मी म्हटलं, ठाऊक नाही, पण पन्नास देतो आणि चाळीस दाखवतो. ते म्हणाले, लबाड जात. मग निगा कशी ठेवतोस विचारलं. मी खरं तेच सांगितलं, कोरड्या जागी ठेवतो, पडू देत नाही, त्यानं ठोकाठोकी करत नाही. ठोकाठोकी ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मुक्या जिवावर हात उगारणारा माणूस त्यांना पाहवत नाही, म्हणून मी किती चांगला ते त्यांनी चारचौघांत सांगितलं. आता अशा वेळी कोणत्या तोंडानं सांगायचं, की साहेब, तो जीव लोखंडाचा आहे? तरी मी सांगितलं. डाव्या कानात.

दुपारी पेंड आणि सरकी आली, मागून गोठ्यावरची हिरी आली. मी तिला पाना दाखवला, सगळा घोळ समजावला. ती म्हणाली, "हुकूम हाय तं करायचाच. जिनस कंचाबी असो." तिनं त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घातली, अंगाला तेल-हळद चोळली, मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. (मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती म्हणे.) मग त्याला दावं बांधलं. खुंटा डगमगत होता. हातोडी सापडेना, तेव्हा तिनं तोच पाना उचलून खुंटा ठोकला, आणि मग त्याच खुंट्याला त्याला बांधलं. मी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेला माझा पाना.

संध्याकाळी रडत रडत तो पुसला, शेगड्यात धरला, वजन टांगलं. मामा, काटा पन्नासावर. वजन काढलं, काटा शून्यावर. वाकडा काटा ठोकरा खाऊन सरळ झाला होता. आनंदाच्या भरात मी ओरडलो, पन्नास देतोय, पन्नास दाखवतोय. दारात तात्यासाहेब उभे होते, आणि नेमका उजवा कान आमच्याकडे होता. पन्नास शेर दूध ऐकून त्यांनी तिथल्या तिथे फर्मावलं, की दसऱ्याच्या दरबारी पंगतीची बासुंदी मोटारखान्याच्या दुधाची होईल. बासुंदी झाली नाही तर सरकारी पेंड खाल्ली कोणी, हे मला सांगावं लागेल. (आमच्या शेळीनं. बिचारीला काय माहीत.) मग नोकरी गेली, खोली गेली, आणि आम्ही दोघं शेळीसकट खोडाळ्याला तुमच्याच ओसरीवर कायमचे. मला फार भीती वाटते आहे. बाकी सर्व क्षेम.

आपला आज्ञाधारक,
वाळू

ता. क. तुमची ठकी म्हैस दसऱ्यापुरती पाठवावी. पत्राचं कारण एवढंच.

ता. क. तुमच्या शेजारच्या फागूचीही म्हैस पाठवावी. पन्नास शेर म्हणजे ठकीच्या एकटीच्या आवाक्यातलं काम नाही.

ता. क. गंगीनं आत्ता सांगितलं, की ठकी मुलखाची पान्हा चोरणारी आहे. हरकत नाही. पत्र आणणाऱ्याच्या हाती पाना पाठवत आहे. त्यानं तिचा खुंटा ठोकून पाहा. मोटारीचे बोल्ट तोवर मी हाताच्या अंदाजानं आवळतो. तात्यासाहेब उद्या त्याच मोटारीतून तुमच्याकडच्या घाटानं निघणार आहेत, तरी वळणावर बैलजोडी उभी ठेवावी.