सोनकच्छची पेनल्टी

बाबा, परवा खंडेनवमी झाली. आपल्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पुजतात, म्हणून तुमचे फुटबॉलचे बूट, शिटी, हवा भरायचा पंप असं सगळं पाटावर मांडलं आणि ते चित्र मांडावं की नाही, यावर येऊन अडलो. धारला शिकत असताना एका जुन्या मासिकातून तुम्ही कापलेलं, त्या इटालियन सेंटर फॉरवर्डचं. तुम्ही त्याला कधी पाहिलंही नव्हतं. आता तोही नसेल आणि माझी पंचेचाळिशी उलटली, तरी मला त्याचा मत्सर वाटतो. मत्सरच ना, की दुसरंच काही, हेही तपासून पाहिलं. मत्सरच आहे.

त्याची कारकीर्द मला पाठ आहे. गवंड्याचा मुलगा, गावच्या क्लबात खेळू लागला, मग उत्तरेतल्या मोठ्या क्लबाने नेला, देशाचा निळा शर्ट मिळाला, डाव्या पायाने गोलामागून गोल केले. मग गुडघा गेला. शेवटची वर्षं परत गावच्याच क्लबात, वेग अर्धा, पण नेमका जिथे हवा तिथे उभा. गुडघ्यापाशी आलात की तुमचा आवाज बसायचा. माझा हात मोडला तेव्हा बसला नव्हता. "प्लास्टर आहे ना? मग रडतोस काय," म्हणालात.

देवासच्या घरामागे दोन कुंड्यांच्या मध्ये मी उभा आहे. मी गोलकीपर, तुम्ही तो. तुम्ही चार पावलं मागे जाता, त्याच्यासारखे मोजे वर ओढता, मारता. मी अडवतो. तुम्ही चेंडू उचलता आणि म्हणता, "तो असता तर गेला असता."

सोनकच्छच्या सामन्यात मी शेवटची पेनल्टी अडवली आणि आपली शाळा जिंकली. परतीच्या बसमध्ये कंडक्टर तुम्हाला म्हणाला, "मास्साब, आज तो अपने भिया ने गजब कर दिया!"

"हां, ठीक रोकी. पर मारने वाला कच्चा था. वो होता ना..."

"वो कौन, मास्साब?"

झालं. देवास येईपर्यंत सगळ्या बसने त्याची कथा ऐकली. गुडघ्यापाशी कंडक्टरने तिकिटं फाडायची थांबवली. माझे हातमोजे माझ्या मांडीवर. त्या वर्षी खंडेनवमीला ते मी पाटावर ठेवले, तर तुम्ही बाजूला सरकवलेत. "चित्र झाकलं जातंय रे."

परवा शेवटी चित्र मांडलंच. तुमच्या नातीने, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, सगळ्यांत आधी त्याच्याच कपाळाला गंध लावलं. "बाबा, ये पणजोबा हैं? निक्कर में?"

हसू आलं. मग तिला सगळं सांगितलं, तुमच्याच शब्दांत. गुडघ्यापाशी माझाही आवाज बसला, त्याचाही राग आला.

"आपने देखा था उनको?" तिने विचारलं.

इथे सरळ नाही म्हणायचं होतं. रोजनिशीत पावसाची वेळसुद्धा चुकू न देणारा मी.

"हो," म्हणालो. "सोनकच्छला आला होता एकदा. शेवटची पेनल्टी त्यानेच मारली."

"फिर? गया गोल?"

"मी अडवली."

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहितो आहे. पोचलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला माहीत आहे.