कुसाबाईच्या धर्माचा रकाना

दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
ख्रिस्ती दफनभूमी कार्यालय,
नाशिक.

विषय : मयत पत्नीस दफनासाठी जागा मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाने दि. १४ रोजी दिलेला तोंडी नकार.

महोदय,

मी यादव सावळीराम भोये, मूळ गाव सुरगाणा तालुक्यात, हल्ली निफाडला द्राक्षांच्या पॅकिंगवर कामाला. माझी पत्नी कुसाबाई गुरुवारी वारली. तिला मातीत ठेवायचे आहे. आज पाचवा दिवस, ती अजून शवागारात आहे.

१) आपल्या फॉर्मात धर्माचा रकाना एकच आहे व तो पतीचा आहे. मी हिंदू लिहिले. कारकून साहेब म्हणाले, "मग बाई ख्रिस्ती कशी? अमरधामला न्या, जाळायला." महोदय, ती बाप्टिस्ट मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, सभासद होती. त्यांच्यात जन्माने किंवा लग्नाने कोणी आत येत नाही. ज्याने त्याने स्वतः विश्वास ठेवून, स्वतःच्या तोंडाने सांगून पाण्यात उतरायचे असते, तोच त्यांचा बाप्तिस्मा. ती २०१९ साली उतरली. मी उतरलो नाही.

२) तिचा लहानपणीचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. ते लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मग बिशपचे पत्र मागितले. त्यांच्यात बिशप नाही, मंडळीचा कारभार मंडळीच पाहते. यावर कारकून साहेब म्हणाले, "एवढा मोठा धर्म आणि वर कोणी साहेबच नाही?"

३) शेवटी त्यांनी उपाय सांगितला, "तुम्हीच उद्या बुडी मारून या, फॉर्म बदलून देतो." मी शनिवारी तिच्या मंडळीचे पाळक अमोल गावित यांच्याकडे गेलो. मी तयार होतो. ते म्हणाले, "यादवदादा, कागदासाठी कोणाला पाण्यात घालता येत नाही. कुसाताईंनाही आम्ही दोन वर्षं थांबवलं होतं." मी त्यांना नको ते बोललो. तरी ते नाहीच म्हणाले.

४) काल उपासनेनंतर मंडळीने मत घेतले. कुसाबाई आमची होती यावर एकतीस हात वर झाले. मी मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. सभासद नसल्यामुळे मला मत नव्हते. ठराव जोडला आहे. त्यावर वरचा शिक्का नाही, कारण वर ऑफिस नाही.

तरी तिच्या रकान्यात तिचा धर्म लिहावा व तिला जागा द्यावी. आम्ही तेवीस वर्षे एका खोलीत राहिलो, शेवटची पाच-सहा वर्षे दोन धर्मांचे, भांडण झाले ते मिठावरून. एका फॉर्मवर राहायला हरकत नसावी. तिच्या शेजारी मला जागा मिळणार नाही, हे मला समजले आहे. ती मी मागत नाही.

उत्तर आजच द्यावे, ही विनंती.

आपला अर्जदार,
यादव सावळीराम भोये
(मयताचा पती)

सोबत :
१) मृत्यूचा दाखला.
२) मंडळीचा ठराव, एकतीस सह्या-अंगठ्यांसह.
३) बाप्तिस्म्याच्या दिवशीचा धरणावरचा फोटो. ओल्या साडीत हसते आहे ती कुसाबाई. काठावर टॉवेल घेऊन उभा आहे तो मी. दुसरा फोटो नाही, काम झाल्यावर परत मिळावा.