चिमूटभर औषध

॥ श्री ॥
नवघर, भाईंदर पूर्व
६ जानेवारी २०२५

चि. क्षितिजा हीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ओरडतो, तू फोन आपटतेस आणि मध्ये तुझी हंसामामी रडते. म्हणून हे पत्र आपल्या कारखान्यातल्या शालूच्या हाती पाठवतोय. कारखाना सुटला की ती गोडदेवला तुझ्याच बिल्डिंगवरून जाते. उत्तर तिच्याकडेच दे.

नोंदणीच्या अर्जावर सही न करता घरी बसलीस, हे बरं नाही केलंस. अगं, दातात भरायचं सिमेंट ते! माझी हयात गेली त्यात. पूर्वी कोणी विचारत नव्हतं, आता नोंदणी हवी, तर करू. साधं सिमेंट कमी जोखमीच्या ‘बी’ वर्गात बसतं, अर्ज राज्याच्या ऑफिसात जातो. ठणका थांबावा म्हणून मी त्यात चिमूटभर अँटिबायोटिक काय घातलं, तर तू म्हणतेस वर्ग ‘डी’ झाला, दिल्लीला जा, नव्याने चाचण्या करा. तोवर कारखान्याला कुलूप लावू? पावडर खलणाऱ्या बायकांना काय सांगू? अर्जात ती चिमूट लिहू नकोस, इतकंच म्हणतोय. महिनाअखेर अर्ज गेला नाही तर माल विकता येणार नाही.

आणि चाचणी कसली? सगळ्या नातेवाइकांच्या दातांत माझं नवं सिमेंट आहे. एकाची तक्रार नाही. तुझ्या आईला विचार.

ओरडलो तरी जीव तुझ्यातच आहे, हे विसरू नकोस.
तुझा मामा,
पंढरीनाथ


गोडदेव
८ जानेवारी

ती. स्व. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई हसली, म्हणाली, दादा रागावला की अक्षर छान येतं त्याचं. मला हसू आलं नाही.

मामा, साधं सिमेंट दातातलं भोक बुजवतं, बस. औषध अंगात जातं. एखाद्याला सोसत नाही, गांध्या उठतात, घसा सुजतो. म्हणून वर्ग वेगळा, दिल्लीवाल्यांचं आपल्याशी काही वैर नाही. आपण लपवलं तर भरणाऱ्या डॉक्टरलाही आत औषध आहे हे ठाऊक नसणार. पेशंट त्रासला तर तो शोधणार कुठे? परवान्याआधी घरच्यांच्या दातांत भरलंत, तीच मुळात चूक. शिकवलंत तुम्ही, नोकरी दिलीत तुम्ही, पण खोट्यावर सही मागू नका हो. मला रात्री झोप लागत नाही.

आणि तक्रार नाही म्हणता, ते तुम्ही विचारता कसं, मला माहितेय. पाठीवर थाप मारून ‘मस्त बसलंय ना?’ असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? आता मी विचारते एकेकाला.

तुमचा लोभ सहीविनाही राहील, अशी आशा करते.
क्षितिजा


नवघर
१० जानेवारी

चि. क्षितिजा,
आशीर्वाद.

विचार, खुशाल विचार! माझी माणसं माझ्याशी खोटं बोलतील? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर मामाला शहाणपण शिकवायचं!

मीरा रोडला जितेश म्हणून एक कन्सल्टंट भेटलाय. तुझ्या जागी तो सही करायला तयार आहे. संक्रांत झाली की अर्ज जाणार. त्यानंतर नवघरला पाऊल टाकायचं नाहीस, सांगून ठेवतो.

संक्रांतीला मात्र घरी ये. मामीने तुझ्यासाठी काळी साडी आणलीय. सण आणि भांडण वेगळं ठेवायचं असतं.

मामा


गोडदेव
१५ जानेवारी

ती. स्व. मामा,
शि. सा. न.

काल तुम्ही गच्चीवर पतंगात रमला होतात, मी स्वयंपाकघरात होते. मामीने खाखरा चहात बुडवून खाल्ला. आपली गुजराती मामी, जिचा खाखरा बाहेरच्या खोलीत ऐकू येतो! मी हात धरून बसवलं आणि विचारलं. दिवाळीपासून डावी हिरडी सुजलीय. मानेवर गांध्या आहेत, म्हणून पदर मानेभोवती घेते. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली. मी ती मोडतेय.

घरी येऊन आईला विचारलं. तिने तर महिन्याभरातच दुसऱ्या डॉक्टरकडून सिमेंट काढून घेतलं होतं. दादा एवढ्या हौसेने विचारतो, त्याला कसं सांगू, म्हणाली.

मला खूप राग आलाय, मामा. कोणावर ते कळत नाही. अर्जाचं काय करायचं ते करा, पण मामीला आज डॉक्टरकडे न्या. घसा सुजेपर्यंत थांबू नका.

माया आहे म्हणूनच इतकं लिहिलं.
क्षितिजा


नवघर
१७ जानेवारी

चि. क्षितिजा,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खोटारडी म्हटलं तुला. तुझी मामी समोरच होती. मग मी चिक्की तिच्यापुढे धरली. तिने घेतली, डाव्या बाजूनेच कडकड चावली आणि छान झालीय म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बाई छान झालीय म्हणत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तसाच तिला घेऊन गेलो आणि सिमेंट काढून आणलं. डॉक्टर म्हणाले, हे औषध हिला सोसणारं नाही, इतके दिवस अंगावर काढलं कसं? सूज आता उतरतेय.

जितेशकडून अर्ज परत घेतला. औषधाचं सिमेंट बंद. साध्याच्या चाचण्या तू केल्याच आहेस, ‘बी’ वर्गाचा अर्ज नीट भर आणि खरं असेल तिथेच सही कर. औषधवाल्या मालाची वाट बघणारे डॉक्टर आता येणार नाहीत, कारखाना थोडा ओढाताणीत चालेल. चालू दे.

एक काम मात्र राहिलंय. अजून कितीतरी नातेवाइकांच्या दातांत ते आहे. कालपासून मी एकेकाला फोन करतोय. सगळे म्हणतात, एकदम मस्त. तू उद्या नवघरला ये आणि फोन तू लाव. मी बाहेर जाऊन बसतो.

तुझा,
मामा