गजराआधी उठणाऱ्याची पेटी

मी, लवू धोंडू केरकर, वय सव्वीस, धंदा फिटरचा मदतनीस, मूळ राहणार आरोंदा, तालुका सावंतवाडी, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम बहारीन, कंपनीचे इस्पितळ, लिहून ठेवतो ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे, पोट तेवढे नाही. ते आज दुपारी डॉक्टर उघडणार आहेत. परत शिवतात असेही म्हणतात. कारकून म्हणाला, मागे काही असेल तर लिहून ठेव. मला हसू आले, कारण ट्रंकेबाहेर माझे या जगात काही आहे असे वाटत नव्हते. मग वाजवायची पेटी आठवली आणि हसू गेले. सबब हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणी भीड घातली म्हणून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहितो. शाळा चौथीपर्यंत झाली. कुठे ऱ्हस्वाचे दीर्घ झाले तर त्यावरून माझी इच्छा बदलली असे कोणी धरू नये.

कलम पहिले. कंपनीकडे माझे जे काही जमा असेल ते माझी आई यशोदाबाई हिला द्यावे. तिने ते खावे, नेसावे, पण माझ्या नावाने नवस फेडू नये. मी एका जागी टिकावे म्हणून तिने फार नवस केले, एकही लागू पडला नाही. ट्रंकेतला ट्रान्झिस्टरही तिलाच. ती म्हणेल, "माका कित्याक ह्यो बोलको डबो?" तरी तिच्याच उशाशी ठेवावा. घरात कोणीतरी बोलत राहील.

कलम दुसरे. माझे पान्हे, हातोडी व कानस थोरला भाऊ भाई याला. भाईने मला जन्मभर भिंगरी म्हटले. "तुझे पाय भुईक लागले काय तुका चटके बसतत रे." दोडामार्गची लॉरी, वेंगुर्ल्याची होडी, मुंबईची गिरणी, मग बोट, मग हे बहारीन. काम हाताला येऊ लागले की मी उठलो. त्याने म्हटले ते खोटे नाही. पण पाहुण्यांसमोर म्हणायला नको होते. पान्हे चांगले आहेत, तेल लावून ठेवावे.

कलम तिसरे, तबकड्यांचे. हे जरा लांबेल.

आमच्या गावी बाबलीबुवा सातार्डेकर म्हणून भजनी बुवा होते. ते वारून तीन वर्षे झाली. त्यांची पेटी पायाने भाता मारायची. पलीकडे गोव्यात एका इगर्जीत, म्हणजे किरिस्तावांच्या देवळात, ती जुनी झाली तेव्हा होडीत घालून त्यांनी ती खाडीपार आणली. पाय भात्यावर, म्हणून दोन्ही हात मोकळे. इतर बुवा एका हाताने वाजवत, आमचे बुवा दोन्ही हातांनी, आणि वर गात. आधी रूपाचा अभंग, मग गवळण, आणि शेवटी गजर. गजर म्हणजे एकच ओळ. बुवा ती टाकणार, सगळे उचलणार, झांजा चढणार, आणि बुवांच्या बोटांमागे सगळा मांडव धावत सुटणार. त्यासाठी माणसे चिखल तुडवून येत.

मी गजराआधी उठत असे. बसून बसून पायाला मुंग्या येत, कुठलीतरी गाडी गाठायची असे, नाहीतर नुसतेच. बुवा पेटीवरून ओरडत, "रे लवू, गजर काय तुका चावता?" मांडव हसे. मीही हसून चपला शोधी.

गोव्यात पोर्तुगीज होते आणि हद्द बंद होती त्या वर्षांतली एक गोष्ट. पलीकडच्या माणसांना भजनाला येता येईना. बुवांनी सप्ताहात दुपारीच पेटी खाडीवर किरणपाणीच्या धक्क्यावर मांडली, कारण अंधार पडल्यावर पलीकडचे शिपाई लोकांना काठावर उभे राहू देत नसत. पाण्याकडे तोंड करून बुवा बसले. पलीकडे माडांखाली माणसे जमली. गवळण झाली आणि मी उठलो, मला मुंबईची गाडी धरायची होती. रस्त्याला लागलो तेव्हा मागे गजर सुरू झाला. आमची झांज वाजे, आणि पाण्यापलीकडून त्यांची झांज उत्तर देई. मी थांबलो नाही. बुवांचा जिवंत गजर मी ऐकला तो एवढाच, आणि तो पाठीने ऐकला.

तर तबकड्या. मुंबईच्या एका कंपनीने बुवांच्या तीन काढल्या. तिन्ही माझ्याकडे होत्या, सध्या आईकडे भाताच्या कणगीमागे आहेत. गिरगावात आमच्या गावच्या खोलीवर दर रविवारी चाकरमानी जमत, फोनो लावत आणि बुवांचा निकाल लावत. फोनो दाजी नाईक यांचा, म्हणून निकालही त्यांचाच. दाजी म्हणत, "पैली प्लेट ती प्लेट. दुसरी हॉटेलवाल्यांची. तिसरी बेंडबाज्याची." पहिलीत नुसते अभंग, पखवाज आणि पेटी. दुसरीत गवळण, ती वेंगुर्ल्यापासून गिरगावापर्यंत चहाच्या प्रत्येक दुकानात वाजली, म्हणून दाजींच्या मनातून उतरली. तिसरीत कंपनीने पखवाज काढून तबला घातला, वर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. दाजी म्हणत, बुवा तिथेच संपले. कोणी म्हणे, नाही, दुसरीतच संपले. संपले यावर मात्र एकमत. बुवा तेव्हा गावात चांगले जिवंत होते आणि दर एकादशीला गजर करत होते.

गजर एकाही तबकडीत नाही. तबकडी तीन मिनिटांत आटोपते आणि गजर तर तेवढ्यात कुठे तापतो. म्हणजे ज्यांनी फक्त तबकड्या ऐकल्या, त्यांच्या लेखी आमचे बुवा गोड आणि सावकाश वाजवणारे गृहस्थ.

पण एकदा दाजी बाजारात गेले असता मी तिसरी तबकडी एकटा लावून बसलो. दुसऱ्या बाजूला अभंग संपतो. दाजी नेहमी तिथेच सुई उचलत. मी चहा ओतत होतो, म्हणून उचलली नाही. तर भाता कुरकुरला. व्हायोलिनवाले गप्प झालेले, आणि बुवांनी गजराची ओळ उचलली! अर्धी. एक झांज त्यांना मिळाली, आणि प्लेट संपली. कंपनीच्या माणसाने थांबायची खूण केली असणार, बुवांच्या पायाने ऐकले नसणार.

दाजी आल्यावर मी सांगितले. म्हटले, शेवटपर्यंत लावा.

"प्लेट संपल्यार सुई घासूची? सुयो काय माडाक लागतत?"

"दाजीनू, गजर आसा त्याच्यात."

"ऐका रे ऐका!" दाजी खोलीला म्हणाले, "गजराआधी उठणारो माका गजर दाखवता!"

खोली हसली. मी तबकडी काखेत मारली, निघालो, आणि त्याच आठवड्यात बोटीवर चढलो. पुन्हा एकदा त्यांना बसवून ऐकवायला हवे होते. ते राहिले.

सबब, पहिली तबकडी दाजींना, त्यांची तीच आवडती. दुसरी आईला, तिला गवळण येते. तिसरी खोलीवरच्या सर्व मंडळींना मिळून, मात्र पुढच्या कलमातील अट पुरी झाल्यावरच.

कलम चौथे, पेटीचे. बुवा अंथरुणाला खिळले तेव्हा मी बोटीवरून रजेवर आलो होतो. पेटी कोणाला, यावर मंडळींची कुजबुज चालली होती. बुवांनी डोळे न उघडता सांगितले, "लवूक देवा. पेटी घेवन तरी तो एका जाग्यार बसात." ह्याला चार माणसे साक्षी आहेत. म्हणून पेटी कायद्याने माझी.

मी बसलो. एक हिवाळा. बुवांची मुलगी जानकी शिकवायला येई. बापाचा गजर तिच्या दोन्ही हातांत आहे. लहानपणी ती भात्याशेजारी बसायची आणि बुवांची बोटे बघायची. मी सूर चुकवला की ती माझ्याकडे न बघता म्हणे, "परत." एवढेच. पहिला अभंग कसाबसा बसला, आणि बहारीनचे बोलावणे आले. मी पेटीवर आईची गोधडी घातली. जानकी दारात उभी होती. म्हणाली, "वाजवन पेटी मोडना नाय रे. ठेवन मोडता." मी म्हटले, येतो परत. तिने काही मागितले नव्हते, मीही काही देऊन निघालो नाही. आज इथे पडल्या पडल्या ते सगळे दिसते.

आता भाई कळवतो की, गावचे आणि खोलीवरचे लोक मिळून देवळात काचेचे कपाट करणार आहेत. पेटी त्यात ठेवून, हार घालून, खाली बुवांचे नाव लिहायचे. जानकीने विचारले, वाजवणार कोण? तर उत्तर आले, बाईमाणसाने देवळात पेटीला बसायचे नाही, आणि आता वाजवायचे राहिले आहे काय?

म्हणून स्पष्ट लिहितो. सदर पेटी, भात्यासकट, माझ्या मरणानंतर, आणि मी जगलो तर हे वाचताच, जानकी बाबली सातार्डेकर हिच्या मालकीची झाली. तिचे लग्न झाल्यास नवऱ्याचा वा दिराचा तिच्यावर हक्क नाही. पेटीवर म्हणतो आहे. कपाटात ती एक दिवसही जाऊ नये. नुसत्या हारालासुद्धा माझी हरकत आहे, पट्ट्यांत अडकतो.

अट अशी. पेटी जानकीच्या घरी पोचल्यावर दाजींनी फोनो घेऊन गावी यावे. किरणपाणीच्या धक्क्यावर, दुपारी, तिसऱ्या तबकडीची दुसरी बाजू लावावी. सुई दाजींनी उचलायची नाही, हात पाठीमागे बांधून उभे राहावे. जिथे बुवांची ओळ तुटते, तिथून जानकीने पुढे वाजवावे. आता हद्द उघडी आहे, तरी पलीकडच्यांनी आपल्याच काठावर झांजा घेऊन बसावे ही विनंती. त्यानंतर बुवा कुठल्या तबकडीत संपले ते मंडळींनी खुशाल ठरवावे.

कलम पाचवे. मी नसलो तर त्या दिवशी माझ्यासाठी एक चटई टाकावी, पेटीसमोर, पहिल्या रांगेत, जिथून उठून जाणे अवघड जाते. गजर संपेपर्यंत ती कोणी गुंडाळू नये.

बोलावणे आले. चाकांची खाट दारात उभी आहे आणि शेजारचे इस्माईलभाई म्हणतात, चल रे. सवयीप्रमाणे पाय खाली सोडले होते. वर घेतले. एवढे पुरे होईपर्यंत थांबा म्हटले त्यांना.

सही: लवू धोंडू केरकर

साक्षीदार:
१. इस्माईल दाऊद मुकादम, राहणार दाभोळ
२. आत्माराम विठू पेडणेकर, राहणार शिरोडा

वरील सही लवू केरकर याने आम्हां दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीवर, बसून केली.

स्थळ: बहारीन
तारीख: ९ नोव्हेंबर १९६३