डावी घडी

४ जानेवारी २००३, शनि.
क्लासला पाचवी मुलगी आली. शर्ली, समुद्रकाठच्या भुईगावची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नाव ह्यांनीच आणलं. "ऑफिसातल्या एकाच्या ओळखीची आहे, घे तिला." कोणाच्या, ते नाही सांगितलं. घडीकामाची ग्रीटिंगं शिकायचीत म्हणे. "मला कागदाची फक्त होडी येते, मॅडम," म्हणाली, आणि दोन इंची चौकोनाची पाकळी पहिल्या फटक्यात टोकाला टोक लावून घातली. नखाने दाबून. नवशिक्यांची टोकं अशी जुळत नाहीत, माझी वर्षभर जुळत नव्हती.
खोटं कशाला बोलावं?

७ जाने.
भाजी आणायला गेले तर माणिकपूरच्या नाक्यावर पाटी, 'फॅन्सी ग्रीटिंग क्लास, लवकरच'. म्हणजे शर्लीला तिथूनच पाठवलंय. सोळा पाकळ्यांचं फूल माझ्याशिवाय इथे कोणी करत नाही. घरी येऊन नमुने कपाटात टाकले, कुलूप लावलं. आई म्हणते, "तुझे कागद कोण चोरणार गं?" तिला काय कळतंय त्यातलं.

११ जाने., शनि.
संक्रांतीची ग्रीटिंगं केली, काळ्या कार्डावर पांढरं फूल. चौघींची गममध्ये बरबटली. शर्लीचं स्वच्छ. मग "पानी पिऊन येते" म्हणून आत गेली ती दहा मिनिटं आईच्या खोलीत. काय बोलत होतीस, विचारलं. "आजींच्या मोतीबिंदूचं विचारत होते."
मोतीबिंदूचं हिला कोणी सांगितलं? मी क्लासमध्ये आईचं कधी काही बोलत नाही.

१४ जाने.
संक्रांत. क्लासचा वार नाही तरी शर्ली तिळगूळ घ्यायला हजर. माझ्या हातून घेतला, मग आत जाऊन आईच्या पाया पडली. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी दारात दिसले तसे हात काढले आणि म्हणाली, "गोड पोरगी आहे."
आई असं कोणाला धरत नाही. मलासुद्धा.

१८ जाने., शनि.
आज तिच्या हाताकडेच बघत बसले. उजव्या हाताने लिहिते, उजव्याने कापते. पण पाकळी घालताना आधी डावी बाजू आत, मग उजवी तिच्यावर. मी शिकवते ते उलट. पुस्तकातही उलट.
"हे कोणी शिकवलं?"
"कोणी नाय. आपोआप होतं." कानापर्यंत लाल.
अशी घडी घालणारं एकच माणूस मला माहीत आहे. ह्या वहीत ते नाव नको.

१९ जाने., रवि.
लिहून टाकते. ताई. शालनताई. डावखुरी होती. चॉकलेटच्या चांद्यांवर मला पाकळ्या शिकवल्या त्या तिनेच. मी उजव्या हाताची म्हणून माझी घडी उलटी पडायची, त्यावर "वसू, उलटी" म्हणत हसायची. वीस वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या एका ख्रिश्चन मुलाचा हात धरून गेली. माझा साखरपुडा झालेला. आठ दिवसांत त्या लोकांचा निरोप आला, जमणार नाही. बाबांनी तिचे फोटो फाडले, "मला एकच मुलगी" म्हणाले. नंतर कोणीतरी सांगितलं, मस्कतला गेली. बस, एवढंच.
मुलगा कुठला, हे तेव्हा विचारलंच नव्हतं.

२२ जाने.
शर्ली दर शनिवारी एक कार्ड आईसाठी ठेवून जाते, "आजींना दाखवायला". आई ते उशीखाली ठेवते. दिसत नाही दिसत नाही म्हणते, आणि दुपारी खिडकीत भिंग घेऊन बसते.
आज ती आंघोळीला गेल्यावर कार्ड काढलं. लाज वाटली, पण काढलं. पाकळ्या फक्त टोकाला चिकटवलेल्या. बोटाने उचलली की आत पेन्सिलीची बारीक ओळ. प्रत्येक पाकळीत एक. अक्षर ताईचं. 'श'ची गाठ अजून तशीच.
"आई, डोळ्याचं लांबवू नकोस." "हे गेल्यापासून घर फार मोठं वाटतं." "शर्ली सांगते तू बारीक झालीस." "वसूला इतक्यात कळवू नकोस. ती अजून"
पुढची पाकळी पूर्ण चिकटलेली. ओढली असती तर फाटली असती. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली.
ती अजून काय?

२५ जाने., शनि.
बाकीच्या गेल्यावर शर्लीला थांबवलं.
"आईचं नाव काय तुझ्या?"
"स्टेला."
"लग्नाआधीचं?"
हातातली पाकळी उलगडली. मग, "शालन."
"मग मी तुझी मॅडम कशी?"
रडायला लागली. "मम्मी बोलली, मॅडमच म्हन. मावशी म्हटलं तर क्लासमधून काढतील." वडील मेमध्ये गेले. मग मस्कत सोडून दोघी भुईगावला, वडिलांच्या घरी.
तिला पाणी दिलं. जवळ घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

२६ जाने., रवि.
आईशी भांडण. "माझ्याच घरात, माझ्याच क्लासमधून चिठ्ठ्या?"
"तू सांगू दिलंस कधी? नाव काढलं की उठून जातेस."
"ती अजून काय, आई? काय लिहिलंय पुढे?"
कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "फाडून बघ."
नाही फाडलं. परत उशीखाली ठेवलं.
आई वर म्हणते, ते स्थळ मोडलं नसतं तर हे कुठे मिळाले असते? खरं आहे. पण ते काही ताईने माझ्यासाठी केलं नव्हतं. ते सहा महिने बाबा जेवताना माझ्याकडे बघायचे नाहीत, ते कोण मोजणार.
ह्यांना विचारलं, शर्ली कोणाची ते माहीत होतं?
"छे. त्याने सांगितलं, मी निरोप दिला."
"कोणी?"
"अगं तो... बदलून गेला आता."
नाव काही आलं नाही.

१ फेब्रु., शनि.
शर्ली आज मावशी म्हणाली, चौघींसमोर. त्या बघतच राहिल्या. जाताना मीच म्हटलं, उद्या चारला मम्मीला घेऊन ये. का म्हटलं, माझं मला कळलेलं नाही. आईने पातळ बदलून ठेवलंय आजच.

२ फेब्रु., रवि., दुपार
सकाळपासून तीनदा केर काढला. ताईला ओळखेन का? तिच्यापुढे मी रडणार नाही. हेही नक्की नाही.
मघाशी चहाचं आधण ठेवताना म्हटलं, पाच कप टाकून ठेवते. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "साखर घालायच्या आधी एक कप काढून ठेव."
"कोणासाठी?"
पान उलटलं. "तुझ्या आईला नको ना?"
आई दीड चमचा घेते, आम्ही दोघं दोन-दोन. ते रोज बघतात.
शर्लीला मी संक्रांतीला माझ्या हाताने तिळगूळ दिला, तिथेच खाल्लाय तिने.
राहिली ताई. ह्यांनी ताईला कधी पाहिलेलं नाही. आमचं लग्न नंतरचं, घरात तिचा एक फोटो नाही. आणि माझ्या आठवणीतली ताई अडीच चमचे घालून वर कपाचा तळ चाटायची. ती आता बिनसाखरेचा घेते, हे मलासुद्धा माहीत नाही.
ताई भुईगावला आल्यापासून किती रविवार झाले? "जरा समुद्रावर जाऊन येतो" हे वाक्य किती रविवारी ऐकलं? वाळू कधी चपलेला दिसली नाही, तेव्हा वाटलं झटकून येत असतील.
ताईसमोर विचारू की ती गेल्यावर, तेवढं ठरत नाहीये. एक कप काढून ठेवलाय. झाकण घातलंय.
खाली रिक्षा थांबली.