म्हातारीच्या खडकाचं उट्टं

खोपट, ठाणे
७ डिसेंबर २०२४

ती. रंभाआत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि आज जे सांगायचंय ते तुझ्या अख्ख्या मजल्याने ऐकावं असं नाही. मला ऋतुराजची जिरवायची आहे.

माझ्याबरोबर ज्याने स्कूबा डायव्हिंगचा क्लब काढला, तोच हा ऋतुराज. लोकांना इथल्या तरणतलावात शिकवायचं आणि मग मालवणला नेऊन समुद्रात उतरवायचं, हे आमचं काम. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते तो शिकवायचा. खाली कोण राहतं, कोण कोणाच्या आधाराने जगतं, ते मी. गेल्या महिन्यात नव्या बॅचसमोर त्याने मला सांगितलं की लोकांना माशांची शाळा नको, व्हिडिओ हवेत, तेव्हा माझा तास बंद. सगळे फिदीफिदी हसले. आत्या, मला तिथेच रडू आलं असतं, पण त्याला तेवढंही द्यायचं नव्हतं.

आता तो लोकांना मालवणजवळ समुद्रातल्या म्हातारीच्या खडकावर नेतो. तिथली प्रवाळं कोबीच्या पानांसारखी पसरली आहेत, माझ्या वयाहून जुनी. हा त्यांच्यावर नांगर टाकतो आणि मासे जमावेत म्हणून बिस्किटं चुरतो. शेवाळ खाणारे मासे बिस्किटांना चटावले की शेवाळ प्रवाळावर चढतं आणि ते बिचारं गुदमरून मरतं. हे त्याला मीच शिकवलंय, म्हणून जास्त संताप येतो.

तर मी ठरवलंय. रविवारी दुपारी त्याच तलावात माझा फुकट वर्ग. त्याचीच माणसं शिकवून त्याच्याच बोटीवर सोडणार. भर समुद्रात तीच त्याला जाब विचारतील.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि एखादी नवी शिवी सुचली तर कळव.

तुझी,
पायल

---

कोपर, डोंबिवली (प.)
१५ डिसेंबर

चि. पायल हिस,
अनेक आशीर्वाद.

एवढा अपमान होऊन तू महिनाभर गप्प बसलीस, याचाच मला राग आला. आमच्या शाळेत हेडबाईंनी एकदा मला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं होतं. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. निरोप समारंभातसुद्धा नाही. त्या आजही भाजीबाजारात मला बघून रस्ता बदलतात, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

तुझा बेत चांगला आहे, पण बोटीत आपलं माणूस हवं. आमच्या सान्वीला पाठवते. पोहायला ती तरबेज आहे, कॉलेज संपवून घरात नुसती मोबाइल बघत लोळते आहे. आधी तिला त्याच्या क्लबात नाव घालू दे, मग तुझ्या वर्गात बसव. तोंडाने ती माझ्यावर गेली आहे, हे वेगळं सांगायला नको.

वेळेवर जेव. सूड उपाशीपोटी होत नाही. आशीर्वाद आहेतच, ते या कामालाही लागू समज.

तुझी आत्या,
रंभा

---

खोपट, ठाणे
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

सान्वी तुझ्या लग्नातले नाव घातलेले पेले न विचारता घेऊन आली, तिला रागावू नकोस. मी ते तलावाच्या तळाशी मांडते. वरून पोहत जाताना कुणाचा पाय लागून पेला पडला की ते प्रवाळ मेलं असं धरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हात काखेत. काही झालं तरी कशालाही हात लावायचा नाही, हा माझा कायदा. सान्वीकडून आजवर एकही पेला पडलेला नाही. अख्ख्या वर्गात तिच्यासारखं कुणी नाही.

आता गोड बातमी. गेल्या खेपेला बोटीवर लोकांनी ऋतुराजला नांगर टाकू दिला नाही. त्याने बिस्किटांचा पुडा काढला, तर कल्याणच्या एका बँकवाल्या काकांनी तो हिसकावला आणि त्याच्या नाकासमोर बसून स्वतःच संपवला. ऋतुराजचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता म्हणे. मी ऐकलं आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पण एवढ्यावर माझं पोट भरत नाही. पुढच्या शनिवारी सान्वी त्याच्या बोटीवर जाते आहे. तिला असे प्रश्न पढवलेत की त्याला समुद्रात उडी मारावीशी वाटेल.

लोभ वाढव, माझा राग वाढतोच आहे.

तुझी,
पायल

---

कोपर
२८ जानेवारी

पायल,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत.

सान्वी घरी आहे, धडधाकट आहे, हे आधी लिहिते. तुला तिने फोनवर हसत काहीतरी सांगितलं असेल. खरं ते काल रडत मला सांगितलं. खाली असताना एकाएकी पाण्याला ओढ लागली. बाकीच्यांनी हाताला येईल तो खडक धरला. माझ्या मुलीने हात काखेत घातले आणि ती वाहत गेली. तू सांगितलं होतंस ना, काही झालं तरी हात लावायचा नाही.

तो ऋतुराज तिच्यामागे गेला. एका हाताने तिच्या पाठीवरची टाकी पकडली, दुसऱ्या हाताने तुझी ती प्रवाळं. एक फुटलं की दुसरं धरायचं, असं करत ओढ ओसरेपर्यंत त्याने तिला सोडलं नाही. त्याचा तळवा फाटला, टाके पडले. प्रवाळं फुटली म्हणून मला काहीही वाटत नाही. सगळा खडक फुटला असता तरी चाललं असतं.

मी तिला पाठवली, ते माझं मी भोगेन. पण सूड तुझा होता आणि मुलगी माझी. शिकवताना तुझं लक्ष समुद्रावर नव्हतंच, त्या माणसावर होतं. माझे पेले परत पाठव. तू मात्र इतक्यात येऊ नकोस.

रंभा

---

खोपट, ठाणे
६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

पेले कुरिअरने पाठवले आहेत.

रविवारी ऋतुराज हाताला बँडेज बांधून तलावावर आला. तो मिरवायलाच येणार, म्हणून मी उत्तरं घोकून ठेवली होती. त्याने आवाजही चढवला नाही. सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, की उघडा दगड कुठे आहे ते या लोकांना सांगितलंय का. म्हातारीच्या खडकाच्या उत्तर अंगाला नुसता काळा दगड आहे, त्यावर काही जगत नाही. ओढ लागली तर तिथे बोटं रोवून थांबायचं, हे मला पक्कं माहीत आहे. मी ते कधीच सांगितलं नाही. हात लावायची एवढीशी मुभा दिली असती तर माझी माणसं सैल पडली असती, आणि मला ती ऋतुराजला छळायला कडक हवी होती.

तो धडा मी तिथल्या तिथे वर्गाला शिकवला. त्याला मी माफ केलेलं नाही. त्याचा नांगर आणि बिस्किटं अजून डोक्यात जातात आणि त्यासाठी मी भांडणारच. पण सान्वी तुला न सांगता आली होती. ओले केस पुसत समोर बसली होती, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून हसत होती. तिच्याकडे बघितलं आणि त्याला द्यायची शिवी मी तशीच गिळली. इथून पुढे ती दिसेल तेव्हा तो आठवणार, आणि त्याचं वाईट व्हावं असं मला मनातसुद्धा म्हणता येणार नाही. आत्या, इतका पुरता सूड माझ्यावर आजवर कुणी उगवला नव्हता, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

लोभ मागत नाही. शिव्या देण्यापुरतं तरी पत्र लिही.

तुझीच,
पायल